मधोमध बुडबुडा

खिडकीखालच्या भिंतीवर सपाटी बघायची लेव्हल ठेवली की तिच्या नळीतला बुडबुडा डावीकडे पळायचा. ती कंबरभर भिंत मी म्हाताऱ्या गवंड्याला दिवसात दोनदा पाडायला लावली. "तीस वर्षं थापी धरताय ना, काका? अजून साधा थर सरळ येत नाही?" अख्ख्या साइटसमोर ओरडलो. ते खालमानेनं पुन्हा विटा रचत राहिले. तिसऱ्यांदा बुडबुडा बरोबर मधोमध थांबला, तेव्हा मी सगळ्यांना बोलावून भिंत दाखवली. "फोरमन ओरडला की कसं काम होतं, बघा!"

संध्याकाळी घरी त्याच लेव्हलनं शेल्फ बसवलं, तर बायको म्हणाली, "हे शेल्फ तिरकं दिसतंय." लेव्हल ठेवली, तर बुडबुडा मधोमध. "डोळे तपासून घे," म्हणालो आणि उगाच लेव्हल उलट्या बाजूनं फिरवून ठेवली. त्याच शेल्फवर आता बुडबुडा पळाला.

बिघडली होती ती लेव्हलच.

सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर पोहोचलो. काका एकटेच ती तिसरी भिंत पाडत होते.



"काल सकाळी लेव्हल तुमच्या हातून पडली, तेव्हाच मला शंका आली होती, साहेब. पण चारचौघांत तुम्हाला कसं सांगायचं?"