फ्रॉकवरचे ठिपके

सकाळचे ऊन धायरीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर कधी घाईने येत नसे. आधी ते गॅलरीच्या गजांवर रेंगाळे. मग खिडकीतल्या डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून गाळून उतरे, जमिनीवर एक पांढुरका ठिपका ठेवी आणि एकेक फरशी ओलांडत रंगनाथरावांच्या खुर्चीपाशी येई. नवी बाटली आणायचे त्यांचा मुलगा योगेश महिनाभर विसरत होता.

"ऊन पायावर आलं. साडेआठ झाले," रंगनाथराव म्हणाले. "कंपनीत जायचं नाही का?"

"अर्धा दिवस रजा घेतलीय, बाबा. आज प्लेअर आणायचाच."

दोन वर्षांत त्यांच्यासाठी काढलेली ती पहिली रजा होती.

जर्मनीहून नम्रताताईने पार्सलमधून पेनड्राइव्हवर पाठवलेल्या व्हिडिओत तिची ऋतुजा पहिल्यांदा चालत होती. योगेशने त्याची डिस्क करून दिली. "चित्र धूसर येतं," एवढेच बाबा म्हणाले. त्याने केबल बदलली, मग टीव्ही बदलला. नातीचा चेहरा मात्र बाबांना अजून नीट पाहता आला नव्हता.

बाबांना घेऊन तो स्वारगेटजवळच्या टीव्हीच्या दुकानात गेला, तेव्हा मालक दीनानाथ काउंटरमागे बसले होते. "केबल झाली, टीव्ही झाला. प्लेअरनंही भागलं नाही तर पुढच्या वेळी घर बदलायला येणार का?"

योगेशने डिस्कसकट सोबत आणलेला जुना प्लेअर त्यांनी दुकानातल्या टीव्हीला जोडला. चित्र लख्ख होते.

"फ्रॉकवरचे ठिपके मोजून घ्या! यात धूसर काय आहे? तुम्हाला दिसतं का घरी?"

"मी पाहायला बसत नाही कधी," योगेश ओशाळून म्हणाला. "बाबा सांगतात."

"इथं बरं आहे," रंगनाथराव म्हणाले. "घरी तसं येत नाही."

दीनानाथ क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी नवे प्लेअर काउंटरवर मांडले.

योगेशने विचारपूर्वक निवड केली. पेनड्राइव्हवरच्या सगळ्या प्रकारच्या फाइल चालल्या पाहिजेत. इंटरनेटवरून थेट व्हिडिओही दिसले पाहिजेत, म्हणजे ताईच्या पार्सलची वाट पाहायला नको. रंगनाथरावांनी रिमोटवरून अंगठा फिरवत एकच अट घातली, "बटणं उठावदार हवीत."

भिंतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी होती. तिच्याखाली उभे राहून दीनानाथ हळू आवाजात म्हणाले, "आठ दिवसांत परत आणलात तरी चालेल."

रस्ता ओलांडताना बाबांनी त्याचे कोपर घट्ट धरले. लहानपणी आपण त्यांचे बोट असेच धरत असू, असे योगेशला वाटून गेले. तेवढेच त्याने वाटू दिले.

घरी ऊन खुर्चीवरून केव्हाच निघून गेले होते. योगेशने खोके उघडले, प्लेअर टीव्हीखाली ठेवला आणि जोडण्याआधी पेनड्राइव्हवरची फाइल ठीक आहे ना, हे पाहायला ती लॅपटॉपवर लावली. ऋतुजाच्या हसण्याने खोली भरून गेली.

रंगनाथरावांनी चष्मा सारखा केला आणि ते टीव्हीकडे तोंड करून ताठ बसले.

"वा! आता कसं स्वच्छ आलं. फ्रॉकवरचे ठिपकेसुद्धा मोजता येतात. तुझी रजा कामी आली बघ."

केबल योगेशच्या हातातच होती. टीव्ही त्याने अजून लावलाच नव्हता.