घसरायची जागा

तिच्या नवऱ्याला सायकलचे रूट आखायचा भारी नाद. तिला बडव बडव बडवून झालं की स्वतःच तिच्या गालावर बर्फ धरायचा, मोबाईलवर नकाशा उघडायचा आणि लाडानं शिकवायचा, "डॉक्टरांना सांग, घाट चढले, वरून तळं बघितलं आणि उतरताना तिसऱ्या वळणावर खडीवरून घसरले. पाठ कर नीट."

दर खेपेला नवा घाट, नवं वळण. टाके घालता घालता डॉक्टर म्हणायचे, "ताई, तुमची हौस दांडगी हो!" आणि जिला सायकल धड ढकलताही येत नव्हती, ती फुटक्या ओठांनी हसायची.

आज सकाळी चहा पिता पिता तो पुन्हा नकाशात डोकं घालून बसला. "हा बघ, सगळ्यात उंच घाट. देखावा असा की डोळ्यांचं पारणं फिटेल! शेवटच्या वळणावर कठडाच नाही, खाली थेट दरी."

तिनं नकळत गाल चाचपला. आज तर त्यानं तिला बोटही लावलं नव्हतं.

"पाठ करू?" तिनं विचारलं.



"नको गं. या खेपेला डॉक्टरांना मीच सांगेन."