उन्हाकडे पाठ

गॅलरीतल्या सगळ्या भाज्यांनी उन्हाकडे पाठ केली होती.

ताईने सरकत्या काचेच्या दारातून ते पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायची राहिलीच. तिचा जन्म कपडे शिवण्यात गेला. मखमलीची लव कुठल्या बाजूला बसलीय, ते तिला लांबून कळतं. रंगाच्या रिकाम्या डब्यांतली मेथी, थर्माकोलच्या खोक्यातली कोथिंबीर, भावाला लहानपणी ज्यात न्हाऊ घातलं त्या गुलाबी टबातलं अळू, सगळं एकाच दिशेला कललेलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ही पानं माना वाकड्या करून अंधाऱ्या हॉलमध्ये बघत होती. दाराजवळची तर काचेला गाल लावून बसली होती.

"पाणी कोण घालतं रे?"

"कुणी नाही." भावाची नजर मोबाइलमधून हलली नाही. "आई गेल्याला महिना झाला, तिकडे फिरकतंय कोण? तरी माजलंय बघ. हवं तेवढं उपट आणि ने. उद्या सफाईवाला सगळं फेकणारच आहे."

ताई नेण्यासाठीच आली होती. एकच बादली, शेपूची. आई फोनवर म्हणायची, "तुझी बादली वेगळी ठेवलीय. तू ये, मग कापू." ताई म्हणायची, "येते गं." येते म्हणायला काय जातं! आणि आईला आपल्याकडे न्यायचा विषय निघाला, की ताईच्या घरात जागा नसायची. दोन शिवणयंत्रांना होती. कपडे चढवायच्या पुतळ्यालाही होती.

दार सरकेना. तिने वर हात घातला, तेव्हा कळलं. आतून नवीकोरी खिट्टी बसवलेली होती. ती काढून ताई बाहेर गेली.

गॅलरीची फरशी तव्यासारखी तापलेली. ताईने पाय उचलत, आई करायची तसा एकेक डबा फिरवला. रोज थोडा फिरवावा लागतो, आई सांगायची, नाहीतर रोप उन्हाच्या मागे धावून वाकडं होतं. ताईने सगळ्यांची तोंडं बाहेर केली आणि आत येऊन भावजयीने दिलेला चहा घेतला.

कप खाली ठेवेपर्यंत सगळी आत वळली होती.

वारा नव्हता. ताई काचेपाशी जाऊन खाली बसली. बसल्यावर तिला दिसलं. बाहेरच्या बाजूने, बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर, काचेवर मातीचे पंजे उमटले होते. एकावर एक.

"आई झोपेत गेली म्हणालास ना? पलंगावर?"

"हो गं. किती वेळा सांगू?"

"मग हे काय आहे?"

भावजयीच्या हातातली बशी वाजायला लागली.

"मी रोज पुसते हो ताई," ती एकदम म्हणाली. "देवाशपथ रोज पुसते. सकाळी परत असतं. मी ह्यांना म्हटलं होतं, ती खिट्टी नको. तर म्हणे, मातीचे पाय घेऊन नव्या फरशीवर नाचते म्हातारी, तासाभराचा तर प्रश्न आहे."

"तासाभरात येणारच होतो!" भाऊ ओरडला. "बाजारात गर्दी होती, त्याला मी काय करू? आणि तिलाच आवडायचं तिथे बसायला. दिवसभर तिथेच तर असायची! असायची की नाही?"

"आपण आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती," भावजय म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. काचेकडे बघत होती.

ताई रडली नाही. पदर सारखा करून उठली.

"माझी बादली आणून दे, बाळ्या. माझ्याने नाही उचलायची."

भावाच्या चेहऱ्यावर लगेच रंग आला. अशा माणसांना काम सांगितलं, की त्यांना वाटतं माफी मिळाली. तो लगबगीने अनवाणीच बाहेर गेला. "आई गं, काय तापलीय!" म्हणत फरशीवर नाचायला लागला. बादलीपाशी वाकला, तोच ताईने दार सरकवलं आणि खिट्टी घातली.

"ए ताई! थट्टा पुरे हं."

काच जाड होती. त्याचा आवाज दुसऱ्या घरातून आल्यासारखा वाटला. मग टकटक सुरू झाली. आधी बोटाने, मग पंजाने. भावजय जागची हलली नाही. हातातली बशी तेवढी वाजायची थांबली.

पहिल्यांदा अळू वळलं. काचेला लागलेली ती मोठी मोठी पानं एकेक करून सुटली आणि भावाकडे फिरली. त्यामागोमाग मेथी. मग कोथिंबीर, सगळी एकदम, कुणी हाक मारल्यासारखी. टबातली पानं त्याच्या पोटऱ्यांना टेकली आणि सावकाश वर-खाली व्हायला लागली, न्हाऊ घालताना हात फिरवावा तशी. भावाचा पंजा काचेवर तसाच राहिला. त्याने खाली पाहिलं. टकटक थांबली.

आता काचेकडे कुणी बघत नव्हतं. एक शेपूची बादली सोडून. ती हलली नव्हती. काचेला चिकटून ती अजून ताईकडेच बघत होती.