समोरच्यांची वाटी

गाझियाबादच्या त्या फ्लॅटमध्ये विठाबाईंनी हो म्हटल्याशिवाय जाळीच्या दाराची कडी निघत नसे, बाहेर कुरियरवाला असो की सख्खा जावई. समोरच्या नव्या भाडेकरूचं तर त्यांनी तोंडही पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी जाळीला अडकवलेल्या पिशवीत त्याची वाटी यायची, कधी खिरीची, कधी हलव्याची. आलेली वाटी रिकामी कशी परत करायची, म्हणून विठाबाईही काहीतरी घालून तिकडच्या दाराला अडकवायच्या.

नात क्षिप्रा लॅबमधून आली, तेव्हा त्या खीरच खात होत्या.

“आजी, आज आतड्यातले जंतू पाहिले. दार बिलकूल फोडत नाहीत गं ते! बाहेर उभं राहून आधी आपलं प्रोटीन पेशीच्या आत सोडतात. मग पेशी स्वतःच हात पसरून त्यांना आत ओढून घेते.”

“बावळटच आहे तुझी पेशी. माझ्या दारात पाठव त्यांना, तंगडी मोडून हातात देईन.”

बेल वाजली. क्षिप्राने जाळीतून पाहिलं आणि ती मागे सरली. “आजी, समोरचा आहे. वळकटी घेऊन उभाय. प्लीज, उघडू नकोस.”

‘चालता हो’ म्हणून विठाबाई ओरडणार, तोच त्यांना दिसलं की आपल्याच हाताने कडी काढली आहे.

“ये रे बाळा,” कुणीतरी फार मायेनं म्हणालं, “क्षिप्राची खोली तुझ्यासाठी रिकामी करून ठेवलीय.”

आवाज विठाबाईंचा होता. तो ऐकून सगळ्यांत जास्त दचकल्या त्याच.