ऑप्शनला टाकलेला भाग

चौकीतल्या यंत्रावर नव्वद सेकंद उरले होते. तेवढ्यात राज्यघटनेतलं योग्य कलम तोंडी सांगितलं, तर यामिनीचा भाऊ सुटणार होता. नाहीतर सहा महिने कोठडी. छापील प्रती केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. घटना आता गोळी गिळली की डोक्यात उतरायची.

"घटना तयार व्हायला दोन वर्षं, अकरा महिने, अठरा दिवस लागले," यामिनी घडाघडा म्हणाली. "मूळ कलमं तीनशे पंच्याण्णव, परिशिष्टं आठ..."

"ताई, ते राहू द्या. अटकेचं कलम बोला," हवालदार धुमाळ कुजबुजले.

कॉलेजात यामिनीनं 'हमखास येणारे प्रश्न' एवढीच गोळी घेतली होती. मूलभूत हक्क तिनं ऑप्शनला टाकले होते.

"तुम्हीच सांगा ना, साहेब!"

"खात्यानं आम्हालाही तीच गोळी दिलीय."

पाच सेकंद उरले. यामिनी यंत्रावर ओरडली, "अरे, माणसाला धरलं, तर का धरलं ते सांगायला नको?"

यंत्रानं उत्तर तपासलं.

"आशय बरोबर," ते म्हणालं. "कलमाचा क्रमांक सांगितलेला नाही. शून्य गुण."

आणि भावाच्या कोठडीला आणखी एक कुलूप आपोआप लागलं.