बैठकीतली खाणावळ

हवानातल्या आमच्या घरात नऊ वर्षांनी पाऊल टाकलं, तर बैठकीच्या खोलीत परकी माणसं काळ्या घेवड्याचा भात खात होती.

टंचाईच्या दिवसांत आईनं दोन घास नीट खावेत म्हणून मी मायामीत फरशा पुसून डॉलर पाठवत होते. तिनं अर्धपोटी राहून त्या पैशांच्या खुर्च्या घेतल्या होत्या. क्यूबा सरकारनं घरगुती खाणावळींना परवानगी दिली आणि दुसऱ्याच दिवशी हिची चूल पेटली!

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तर आईनं ते काढून घेतलं. "बाराच माणसं बसवायची परवानगी आहे. तेरावं दिसलं, तर खाणावळ बंद करतील."

"अगं, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"नाहीस ना?" तिनं ॲप्रन माझ्या गळ्यात अडकवला. "मग बसतेस कशाला?"