टेबलाखालची खूण

मद्याच्या कंपनीच्या मालकांनी चार ग्लास ओळीने मांडले आणि समोरच्या खुर्चीत पाय पसरून बसले.

"काका, स्कॉच एकच, धुराच्या वासाची. पिंपं मात्र वेगवेगळी. कुठली कुठल्या पिंपात मुरलीय, तेवढं सांगा."

काकांशेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने खुर्ची टेबलापाशी ओढली. मागच्या तापानंतर बाबांना कसलाच वास येत नव्हता. कांदा काय नि गुलाब काय. मालकांच्या कानावर कुणीतरी ते घातलं होतंच. आज चुकले तर चाखणाऱ्याची खुर्ची गेली, आणि त्या खुर्चीवाचून बाबा म्हणजे... छे, तो विचारच नको.

बापलेकीचं घरी ठरलं होतं. आधी तिने हुंगायचं, मग टेबलाखाली बाबांचा पाय दाबायचा. एकदा दाबला तर बर्बन व्हिस्कीचं पिंप, दोनदा शेरी वाइनचं, तीनदा पोर्ट वाइनचं. लबाडी खरी, पण बापासाठी केलेली.

उजेड हवा म्हणून बाबांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली. मुलीने पहिला ग्लास उचलता उचलता चोरून हुंगला, त्यांच्या हाती दिला, पाय लांबवला आणि एकदा दाबला.

बाबा बराच वेळ ग्लास नाकाशी धरून बसले. "बर्बन," ते हळूच म्हणाले.

"बरोबर." मालक खुर्चीत चुळबुळले.

दुसऱ्याला तिने दोनदा दाबला.

"शेरी! धुरामागे मनुका. आणि संत्र्याची साल, साहेब, संत्र्याची साल!" बाबांचे डोळे भरून आले.

मनुका, साल हे काही ठरलं नव्हतं. काय नाटकी माणूस आहे! मुलीला हसू आवरेना.

तिसऱ्याला तीनदा, चांगला जोर लावून.

"पोर्ट!"

चौथा हुंगला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यात तिन्ही वास होते, आणि त्याची खूणच ठरली नव्हती. ती जीव खाऊन पाय दाबत सुटली.

"अहो, हे तर तिन्हींचं मिश्रण!" बाबा लहान मुलासारखे हसले. "कुणी केलं? फक्कड जमलंय!"

"मीच केलं." मालकांनी उठून त्यांना मिठी मारली. "लोक काहीही बोलतात हो. खुर्ची तुमचीच, काका."

मुलीला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. आता घरी गेल्यावर बाबांना ऐकवायचं, हुंगलं मी आणि मिठी तुम्हाला!

मालक वाकून बुटावरची धूळ झटकू लागले.

"फक्त एक सांगा काका, तुमची लेक मघापासून माझा पाय का तुडवतेय?"